वाचक विचारतात : सक्काराला जाताना

इजिप्तच्या सहलीबद्दलची पत्रं हल्ली बरीच येतात, आणि त्यांतल्या निम्म्या पत्रांत सक्काराचा उल्लेख असतो. कैरोपासून साधारण ३० किलोमीटर दक्षिणेला, वाळवंटाच्या कडेवर पसरलेलं हे दफनक्षेत्र. जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड इथलाच. त्याच्या आजूबाजूला आजही खोदकाम चालू असतं. म्हणून या वेळी फक्त सक्काराच.

प्रश्न : सक्काराला उत्खनन चालू आहे असं वाचलं. सामान्य पर्यटकाला ते बघायला मिळतं का, की नुसतेच फलक आणि कुंपण? (ठाणे)

मिळतं, पण दोरीच्या अलीकडून, आणि तेही वेळ साधली तर. परदेशी पथकांचा हंगाम बहुतेक शरद ऋतूपासून वसंतापर्यंत असतो. इजिप्तची स्वतःची सरकारी पथकं उन्हाळ्यातही काम करतात. कामाचा दिवस भल्या पहाटे सुरू होतो आणि दुपारी एक-दोनच्या सुमारास संपतो. शुक्रवारी सुट्टी. दुपारचं जेवण उरकून तीनला पोचणाऱ्या बसमधल्या मंडळींना ताडपत्र्या, रिकाम्या टोपल्या आणि पेंगणारा पहारेकरी एवढंच दिसतं, ते यामुळे. शनिवार ते गुरुवार यांपैकी एखादा दिवस धरा आणि आठ वाजता दार उघडताच आत शिरा. रमजानमध्ये कामाच्या आणि दर्शनाच्याही वेळा आखडतात. सध्याची काही वर्षं रमजान ऐन हिवाळी हंगामातच येतोय, तेव्हा तिकीट काढण्याआधी तारखा बघा.

कुठे बघायचं तेही सांगतो. तिकीटघराकडून गाडी पठारावर चढते तिथे कड्याच्या बाजूला बुबास्तेइऑनचा भाग आहे. बास्तेत या मांजरदेवतेचं हे ठाणं. २०१८ मध्ये वाहत्ये या पुरोहिताची रंगीत कबर इथेच सापडली आणि २०२० मध्ये शंभरहून अधिक बंद शवपेट्या याच परिसरातून वर आल्या. दुसरी जागा म्हणजे उनास राजाच्या पिरॅमिडकडे जाणारा दगडी मार्ग. त्यावर उभं राहून दक्षिणेला बघितलं की नव्या राजवटीच्या काळातल्या (सुमारे इ.स.पू. १५५०–१०७०) कबरींचा पट्टा दिसतो. होरेमहेबची फारो होण्याआधी बांधलेली कबर तिथेच आहे. नेदरलँड्समधल्या लायडनच्या संग्रहालयाशी जोडलेलं पथक तिथे १९७५ पासून काम करतंय, आणि शेजारी कैरो विद्यापीठाचंही काम झालंय.

प्रश्न : दोनशे वर्षं लोक तिथे खणतायत. एवढ्या वर्षांत संपायला नको होतं का? (सांगली)

क्षेत्र मोठं आहे हे एक कारण : उत्तर-दक्षिण जवळपास ७ किलोमीटर, रुंदी दीड किलोमीटरच्या आसपास. पण खरी मेख काळात आहे. पहिल्या राजवंशापासून, म्हणजे इ.स.पू. ३००० च्या सुमारापासून, थेट इ.स.पू. पहिल्या शतकात संपलेल्या टॉलेमी राजांपर्यंत लोक इथे पुरले जात होते. तीन हजार वर्षं. जागा तीच, म्हणून जुन्या कबरीच्या भिंती फोडून नवी कबर, जुन्या विहिरीच्या तळाशी नवी खोली, असं थरावर थर चढत गेलं. एक कबर साफ केली की तिच्या भिंतीतून तीन दुसऱ्या निघतात.

त्यात आधीच्या संशोधकांनी करून ठेवलेला घोळ. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात खणलेली वाळू जवळच, सोयीच्या जागी ओतून द्यायची पद्धत होती. ती जागा खणलेली आहे की नाही हे कोण बघतो? आजच्या पथकाला हव्या त्या थरापर्यंत पोचण्याआधी आजोबांच्या काळातला तो राडारोडा उपसावा लागतो. तोही नुसता फेकून चालत नाही. जुन्या संशोधकांच्या नजरेतून सुटलेले ताईत, मणी, लेख असलेली खापरं त्यात हमखास निघतात, म्हणून सगळा चाळणीतून काढतात. तुम्हाला दिसणाऱ्या कितीतरी टेकड्या नैसर्गिक नाहीतच.

आणि माणसांपुरतं थांबलं असतं तरी एकवेळ ठीक. इथे प्राण्यांच्याही ममी आहेत. अनुबिस देवाला वाहिलेल्या कुत्र्यांच्या भुयारांत सुमारे ८० लाख प्राणी असावेत असा कार्डिफच्या संशोधकांचा अंदाज २०१५ मध्ये आला. १९६४ पासून वॉल्टर एमरी हे इमहोतेपची कबर शोधत होते, त्यांना लागली आयबिस पक्ष्यांची भुयारं. इमहोतेप, म्हणजे जोसेरच्या पिरॅमिडचा शिल्पकार, अजून सापडलेला नाही.

प्रश्न : बातम्यांत खोल विहिरीतून शवपेट्या वर काढताना दाखवतात. हे काम प्रत्यक्ष कसं चालतं? त्यात धोका कुठे असतो? (नाशिक)

आधी रचना समजून घ्या. सक्काराची कबर सहसा दोन भागांची असते. वर प्रार्थनेची, नैवेद्याची खोली. खाली सरळ उभी, चौकोनी विहीर, आणि तिच्या तळाशी किंवा मधल्या टप्प्यांवर आडव्या कोरलेल्या दफनखोल्या. विहिरीचं तोंड साधारण मीटर-दीड मीटरचं. विहीर दहा-बारा मीटर खोल असली तर ती मध्यम समजायची. काही तीस मीटरपर्यंत जातात.

काम सुरू होतं चौकटी आखून. जमिनीवर ५ किंवा १० मीटरचे चौरस पाडले जातात, प्रत्येकाला क्रमांक. छोट्या दांड्याच्या रुंद फावड्याने, ज्याला तिथे तुरिया म्हणतात, वाळू ओढायची, जुन्या टायरच्या रबराच्या टोपल्यांत भरायची, माणसांच्या रांगेने चाळणीपर्यंत पोचवायची. कामगारांचा मुकादम, म्हणजे रईस, हा सगळ्यांत महत्त्वाचा माणूस. वाळूचा रंग बदलला, पायाखालचा आवाज बदलला हे त्याला आधी कळतं. यांतले अनेक जण वरच्या, म्हणजे दक्षिण इजिप्तमधल्या कुफ्त गावच्या घराण्यांतले असतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीने त्या गावच्या माणसांना हे काम शिकवलं, तेव्हापासून ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. विहिरीवर लाकडी रहाट बसवतात. त्यावर दोराने टोपली आणि माणूस दोन्ही उतरतात. मोठ्या कामांना आता लोखंडी चौकट आणि विजेची मोटर असते, तरी रहाट गेलेला नाही.

धोका सर्वांत जास्त खडकाचा. सक्काराच्या पठारात चुनखडीचे थर आणि त्यांच्यामध्ये तफ्ला, म्हणजे शाडूसारखा चिकणमातीचा मऊ थर, असं आलटून-पालटून आहे. तफ्ला ओलाव्याने फुगतो, कोरडा पडला की तडकतो, आणि त्याच्यावरचा चुनखडीचा पापुद्रा आधार गेल्यावर अख्खाच्या अख्खा खाली येतो. त्यामुळे विहीर उपसताना बाजूंना फळ्यांचे धिरे द्यावे लागतात. तोंडाशी सैल वाळू असली तर आधी विटांची चौकट बांधतात, नाहीतर रोज काढलेली वाळू रात्रीत परत आत. खाली हवा कोंदट असते, म्हणून उतरण्याआधी पंख्याने ती खेळवतात.

एक युक्ती मात्र प्राचीन कारागिरांचीच, आणि ती आजही पथकांना जेरीस आणते. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आसपासच्या, उनासच्या पिरॅमिडजवळच्या काही कबरींत वीस-पंचवीस मीटर खोल प्रचंड विहीर खणली, तळाशी दगडी कमानीची खोली बांधली आणि तिच्या छताला भोकं ठेवून त्यांत मडकी बसवली. दफन झालं की मडकी फोडायची. वरची वाळू धो धो खाली येते आणि खोली भरून जाते. चोराने खोलीतून घमेलंभर वाळू काढली की वरून घमेलंभर उतरते. सगळी विहीर रिकामी केल्याशिवाय आत जायचा मार्ग नाही. अशा कबरींतल्या काही त्यामुळेच अभंग मिळाल्या.

शवपेटी दिसली की लोकांना वाटतं आता दोर बांधला आणि ओढली. तसं नसतं. अडीच हजार वर्षं बंद खोलीत आर्द्रता एकसारखी राहिलेली असते. बाहेरची कोरडी हवा लागताच लाकूड आकसतं आणि त्यावरचा चुन्याचा लेप रंगासकट पोपड्यांनी सुटायला लागतो. म्हणून आधी छायाचित्रं आणि मोजणी जागच्या जागी, मग सुटलेल्या रंगावर पातळ जपानी कागद चिकटवून पकड, मग पेटीखाली फळी सरकवून चारही बाजूंनी गादी, आणि तेव्हा कुठे दोर. पत्रकारांपुढे झाकण उघडायचे जे सोहळे २०२० मध्ये झाले, ते या क्षेत्रातल्या सगळ्यांनाच रुचले नाहीत. आमचंही मत तेच : टीव्हीला झाकणाखालचा चेहरा हवा असतो, अभ्यासकाला झाकणाच्या कडेचा डिंक.

डिंकाचं उगाच नाही म्हटलं. उनासच्या पिरॅमिडजवळ रमजान हुसेन यांच्या पथकाला ममी बनवण्याची जी कार्यशाळा सापडली, तिथल्या मडक्यांवर आतल्या पदार्थांची आणि कृतीची नावं लिहिलेली होती. त्यांतल्या ३१ मडक्यांच्या तळाशी चिकटलेल्या अवशेषांचं रासायनिक पृथक्करण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. देवदार-जुनिपरचं तेल, मेण, प्राण्यांची चरबी यांच्याबरोबर त्यात डामर राळ निघाली. ही राळ आपल्या साल वृक्षाच्या कुळातल्या झाडांची, आणि ती आशियाच्या पर्जन्यवनांतून एवढ्या लांब गेलेली. मडकी घासूनपुसून संग्रहालयात मांडली असती तर हे कधीच कळलं नसतं.

प्रश्न : तिथला पहारेकरी थोडे पैसे घेऊन बंद कबर दाखवतो असं ओळखीच्यांनी सांगितलं. जावं का? (कोल्हापूर)

नाही. वर सांगितल्या तशा विहिरी सगळीकडे आहेत, काहींच्या तोंडावर नुसती फळी किंवा पत्रा असतो आणि त्यावर वाऱ्याने वाळूचा थर बसतो. पाय पडेपर्यंत खाली दहा मीटर पोकळी आहे हे कळत नाही. शिवाय कायदा. २०२० च्या दुरुस्तीनुसार पुरातत्त्व स्थळाच्या आवारात परवानगीशिवाय असणं किंवा स्मारकावर चढणं याला किमान एक महिना कैद, १०,००० ते १,००,००० इजिप्शियन पाउंड दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पकडले गेलात तर पैसे घेणारा तुम्हाला ओळखही दाखवणार नाही. खुल्या कबरीत दिवा धरून एखादं चित्र नीट दाखवणाऱ्याला बक्षिशी जरूर द्या, तो तिथला रिवाज आहे.

जमिनीवरचं खापर उचलायचा मोहही आवरा. पावलोपावली पडलेली असतात, कुणाला काय कळणार असं वाटतं. विमानतळावर सामान यंत्रातून जातं आणि तिथे खापर हे खापर राहत नाही, पुरावस्तूची तस्करी होते. दुकानातून घेतलेल्या दगडी प्रतिकृतीचं बिल म्हणूनच जपून ठेवा.

प्रश्न : तिकिटाची भानगड समजत नाही. एक तिकीट पुरतं का? रोख चालते का? (पुणे)

एक पुरत नाही. प्रवेशाचं तिकीट वेगळं, आणि जोसेरच्या पिरॅमिडच्या आत जायचं, त्याच आवारातल्या दक्षिण कबरीचं आणि सेरापियमचं (पवित्र बैलांच्या दफनाच्या भुयाराचं) तिकीट वेगवेगळं. ही सगळी तिकिटं खाली मुख्य फाटकावरच मिळतात. वर सेरापियमच्या दारात पोचून 'आता काढू' म्हणालात तर गाडीने पुन्हा खाली. कोणत्या कबरी त्या दिवशी खुल्या आहेत ते खिडकीवरच विचारा. दुरुस्तीसाठी एखादी बंद आणि दुसरी खुली, हे सारखं बदलत असतं. दरही वारंवार वाढतात, म्हणून इथे छापत नाही. इजिप्तच्या पर्यटन आणि पुरातत्त्व मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ते दिसतात आणि तिथून आधी तिकीट काढताही येतं.

परदेशी पर्यटकांकडून आता बहुतेक मोठ्या स्थळांवर रोख घेत नाहीत, कार्डच लागतं. आपल्याकडच्या लोकांचं घोडं इथेच अडतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नव्या कार्डावर परदेशातला व्यवहार मुळात बंद असतो. तो बँकेच्या ॲपमध्ये जाऊन, भारतात असतानाच, चालू करा. कारण त्यासाठीचा ओटीपी भारतीय सिमवर येतो आणि वाळवंटात ते सिम चालेलच असं नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्ड बाळगा, शक्यतो दोन वेगळ्या बँकांची. बक्षिशी, पाणी आणि गाडीवाल्यासाठी सुटे पाउंड लागतातच.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे, गुडघे दुखतात. त्यांना काय दाखवता येईल? (नागपूर)

बरंच. फक्त क्रम बदला. तेती राजाच्या पिरॅमिडशेजारी मेरेरुका या वजिराचा मस्तबा, म्हणजे सपाट माथ्याची चौकोनी कबर, आहे. तीसहून अधिक खोल्या, सगळ्या जमिनीच्या पातळीवर, कुठेही वाकावं लागत नाही. मासेमारी, पाणघोडे, बळजबरीने खाऊ घातले जाणारे तरस, कर न भरल्याबद्दल मार खाणारे गावचे मुखिया, सगळं हाताच्या अंतरावर. आतल्या मोठ्या खोलीत खोट्या दारातून मेरेरुकाचा पुतळा पाऊल पुढे टाकून उभा आहे आणि त्याच्या पायाशी दगडी पायऱ्या आहेत. शेजारीच कागेम्नीचा मस्तबा. एवढ्यात तास जातो आणि गुडघ्यांना काही होत नाही.

सेरापियमचं भुयारही उंच आणि रुंद आहे. उतार उतरलात की पुढे सपाट चाल. एपिस बैलांसाठीच्या एकसंध दगडी शवपेट्या दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांत आहेत, एकेकीचं वजन साठ टनांहून जास्त. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ ऑग्यूस्त मारिएत १८५१ मध्ये इथे शिरला तेव्हा त्या बहुतेक लुटलेल्या होत्या.

जोसेरचं आवार बाहेरून पाहायला हरकत नाही. सुमारे साडेदहा मीटर उंचीच्या तटाला १४ खोटी दारं आणि आग्नेय कोपऱ्यात एकच खरं. तिथून स्तंभांच्या ओळींमधून आत गेलं की चौक, आणि समोर सहा टप्प्यांचा, सुमारे ६० मीटरचा पिरॅमिड. आत मात्र, वडिलांचा आग्रह असेल तरच. दक्षिण बाजूच्या भुयारातून चालत जाऊन मधली २८ मीटर खोल विहीर आणि तळाची ग्रॅनाइटची दफनपेटी बघायची. १९९२ च्या भूकंपानंतर या विहिरीवरचं छत निखळू लागलं होतं, फुगवलेल्या पिशव्यांचा टेकू देऊन आणि पोलादी सळ्या रोवून ते सावरलं, आणि २०२० मध्ये पिरॅमिड पुन्हा खुला झाला.

वडिलांनी टाळायच्या दोन गोष्टी : दक्षिण कबर, कारण तिथे जिने उतरून तेवढेच चढायचे आहेत, आणि उनास-तेतीचे अंतर्भाग, कारण उताराच्या बोळातून कमरेत वाकून जावं लागतं आणि बाहेर येतानाही तसंच. तुम्ही मात्र उनास चुकवू नका. भिंतीभर उभ्या ओळींत कोरलेली, निळा रंग भरलेली पिरॅमिड-मंत्रांची सगळ्यांत जुनी संहिता तिथे आहे, छतावर तारे. भिंतीला हात, पाठ, पिशवी काहीच टेकू देऊ नका. माणसाच्या श्वासातल्या आणि घामातल्या ओलाव्याने चुनखडीतलं मीठ वर येतं, भिंतीला लोणा लागतो आणि कोरीव अक्षरांचे पोपडे निघतात. ही कबर १९९८ पासून २०१६ पर्यंत बंद होती.

प्रश्न : कॅमेरा आणि ड्रोन नेता येईल का? (छत्रपती संभाजीनगर)

मोबाइल आणि साधा कॅमेरा चालतो, फ्लॅशशिवाय. तिवई काढली की परवानगी मागतात. ड्रोन घरीच ठेवा : संरक्षण खात्याच्या परवान्याशिवाय तो इजिप्तमध्ये आणताच येत नाही, विमानतळावरच जप्त होतो. चालू उत्खननाचा फोटो काढू नका असं कुणी म्हणालं तर हुज्जत घालू नका. सापडलेल्या वस्तूची घोषणा आधी मंत्रालय करतं, पथकाला स्वतःलाही त्याआधी काही बाहेर सांगता येत नाही. तुमच्या फोटोमुळे त्यांचा परवाना अडचणीत येऊ शकतो.

प्रश्न : वडोदऱ्याच्या संग्रहालयात ममी आहे, कोलकात्यात, जयपुरातही आहे. मग आता नव्या का येत नाहीत? (बेळगाव)

कारण १९८३ चा कायदा क्रमांक ११७. त्याआधी सापडलेल्या वस्तूंची इजिप्त आणि खणणारी संस्था यांत वाटणी होई आणि परवानाधारक दुकानदार पुरावस्तू उघडपणे विकत. त्या कायद्याने खासगी व्यापार बंद केला. आता निघालेलं सगळं तिथल्या सरकारचं. सक्काराच्या शवपेट्या बघायच्या तर तिथल्याच संग्रहालयांत. गिझाचं नवं मोठं संग्रहालय नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्ण खुलं झालं, ते त्याच दिवशी घाईने जोडू नका.

प्रश्न : मुलगी पुण्यात पुरातत्त्वशास्त्रात एम.ए. करते आहे. सुट्टीत सक्काराच्या उत्खननात स्वयंसेवक म्हणून जाता येईल का? (सातारा)

पर्यटक म्हणून जाऊन हातात फावडं मिळणार नाही. परवाना विद्यापीठाला किंवा संशोधन संस्थेला मिळतो, व्यक्तीला नाही. पथकातल्या प्रत्येकाचं नाव, शिक्षण आणि पासपोर्ट यांची माहिती हंगामाच्या कित्येक महिने आधी तिथल्या पुरातत्त्व खात्याच्या स्थायी समितीकडे जाते, सुरक्षा तपासणी होते, आणि नंतर आयत्या वेळी नाव घालता येत नाही. पैसे भरा आणि पिरॅमिडजवळ खणा, अशी जाहिरात दिसली तर त्यामागे कोणत्या संस्थेचा परवाना आहे हे लेखी मागा. उत्तर टोलवलं गेलं तर समजून जा.

तिने उलट बाजूने यावं. इजिप्तचे पुरातत्त्वज्ञ पथकात घेतात ते ठरावीक कौशल्यासाठी : मडक्यांचं रेखाटन, हाडांचा अभ्यास, वनस्पतींचे अवशेष, टोटल स्टेशनवरची (कोन-अंतर मोजणाऱ्या यंत्रावरची) मोजणी, छायाचित्रांवरून त्रिमिती नकाशे. यांतलं एक आपल्याकडच्या उत्खननावर पक्कं करावं, प्रबंध त्यावर लिहावा आणि मग परदेशी विद्यापीठात पीएच.डी.साठी अर्ज करताना ज्या मार्गदर्शकाचं पथक सक्काराला जातं त्याच्याकडे करावा. खापराचं तोंड मोजून अख्ख्या मडक्याचा व्यास काढणं हे काम पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननातल्या खापरावर शिका की सक्काराच्या, पद्धत तीच. बरोबरीने अरबी शिकायला आत्ताच सुरुवात करावी. रईस आणि कामगार इंग्रजी बोलत नाहीत, आणि खड्ड्यात उतरल्यावर दुभाषा उपयोगी पडत नाही.